हा टीबी नसेल तर?

धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी बरीच वर्षं काढली. तिथं फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला, असलेला एक जुना सहकारी गेल्या महिन्यात घरी आला. वय बावन्न. जिना चढून आल्यावर दोन मिनिटं त्याला बोलताच येईना. एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत टीबीच्या गोळ्या. पाच महिने तो त्या नेमानं घेत होता. थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता. खोकला आहे, वजन उतरलंय, फुप्फुसावर डाग आहे, त्यातून माणूस फाउंड्रीतला. म्हणजे टीबीच, असं कुणीतरी ठरवलं आणि पुढं कुणी विचारलं नाही. पौष्टिक खाण्यासाठी सरकारचे महिन्याला हजार रुपयेही त्याच्या खात्यात जमा होत होते. नसलेल्या रोगाचे.

मी एक्स-रे खिडकीशी धरला. मी डॉक्टर नाही, माझं आयुष्य मोल्डिंगची वाळू तपासण्यात गेलं. पण याच खिडकीशी, असाच एक एक्स-रे मी २००७ साली धरला होता. तो वहिनीचा होता.

अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं शास्त्र कुठल्या कुठं गेलं. तेव्हा घर विकून आणावं लागणारं औषध आज हुबळीत औषधाच्या दुकानात मिळतं. पण औषधाच्या आधी लागते ती डॉक्टरच्या मनातली शंका. ती आमच्या भागात अजून पोचलेली नाही. मागे वळून बघतो ते याच रागातून.

सुरुवातीची वर्षं झरझर सांगतो. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं १९५० साली इंग्लंड-अमेरिकेत आकड्यांनी दाखवून दिलं गेलं. मुंबईत डॉ. जस्सावाला आणि जैन यांनी १९७९ साली आपल्या विडीचा हिशोब मांडला आणि ती सिगारेटपेक्षा निरुपद्रवी आहे हा समज मोडला. रोगाचे दोन गट पडले, ‘स्मॉल सेल’ आणि ‘नॉन-स्मॉल सेल’. शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी रुग्ण दुसऱ्या गटातले. त्यांना लवकर सापडला तर शस्त्रक्रिया, नाहीतर केमो, आणि केमोचा गुण महिन्यांत मोजायचा. २००२ साली अमेरिकेत चार वेगवेगळ्या केमो अकराशेहून अधिक रुग्णांवर एकमेकींशी ताडून पाहिल्या. चारही सारख्याच निघाल्या, निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत गेले. पन्नास वर्षांच्या खटपटीचं फळ तेवढं होतं. त्यावर रेंगाळत नाही.

माझं मन अडकून पडलंय ते पुढच्या दहा वर्षांत.

२००३च्या मेमध्ये अमेरिकेनं गेफिटिनिब नावाच्या गोळीला परवानगी दिली. सलाईन नाही, केस जाणं नाही, रोज एक गोळी. बहुतेकांना तिचा काही उपयोग होत नव्हता आणि थोड्यांना असा होत होता की अंथरुणाला खिळलेला माणूस उठून चालायला लागे. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. उत्तर २००४च्या वसंतात बोस्टनहून आलं: ज्यांच्या गाठीतल्या ईजीएफआर नावाच्या जनुकात ठरावीक बिघाड असतो, त्यांनाच ही गोळी लागू पडते. आणि हा बिघाड जास्त सापडत होता तो स्त्रियांत, आशियाई लोकांत, कधीही न ओढणाऱ्यांत. फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे विड्या ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचा आजार, हे चित्र तिथंच पुसलं जायला हवं होतं.

धारवाडात ते पुसलं गेलं नाही. वहिनी खानापूरकडची. जंगलातला लाकूडफाटा आणि मातीची चूल यांच्यासमोर तिचं लहानपण गेलं. विडी-तंबाखू घरात कधी आली नाही. २००७च्या पावसाळ्यात तिला खोकला लागला तो थांबेना. ज्या दवाखान्यात तिला नेलं तिथं छाती ऐकली, एक्स-रे पाहिला आणि टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या महिन्यात डाग वाढलेला दिसला तेव्हा डॉक्टर म्हणाले, कोर्स पूर्ण होऊ द्या. सहाव्या महिन्यात छातीत पाणी झालं. मी त्या डॉक्टरांना धीर करून विचारलं होतं, की हे दुसरं काही नसेल ना? ते म्हणाले, “बाई आहे, ओढत नाही, वय पंचेचाळीस. दुसरं काय असणार?” हे वाक्य मी विसरलेलो नाही आणि क्षमाही केलेली नाही. दुसरं काय असू शकतं ते त्याआधी तीन-चार वर्षं जगभर छापून आलेलं होतं.

२००८च्या उन्हाळ्यात दादा आणि मी वहिनीला चालुक्य एक्स्प्रेसनं दादरला घेऊन गेलो. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा ज्यानं पाहिली नाही त्याला त्या वर्षांची कल्पना यायची नाही. जळगाव, नांदेड, गुलबर्गा, पार बिहारपर्यंतची माणसं. प्रत्येकाच्या उशाशी एक्स-रेचं पाकीट. संध्याकाळी सगळे एकमेकांचे रिपोर्ट वाचून दाखवत. इंग्रजी येणारा मी एकटा असलो की रात्रीपर्यंत माझ्याभोवती कोंडाळं असे. फुप्फुसाच्या आजाराचे जे होते त्यांतल्या कितीतरी जणांच्या फायलीत पहिले कागद टीबीच्या कोर्सचे असत. ही एकट्या धारवाडची कथा नव्हती. आज हे सगळं मोबाईलच्या गटांवर चालतं. सोय झाली खरी. पण कोळपलेल्या चेहऱ्याची एक अनोळखी बाई वहिनीच्या पायांना तेल चोळत बसलेली मी पाहिली आहे, आणि ती मला कुठल्याच गटात पुन्हा दिसली नाही.

छातीतल्या पाण्यात पेशी सापडल्या. ॲडिनोकार्सिनोमा, नॉन-स्मॉल सेल, चौथी पायरी.

त्या वर्षी वर्तमानपत्रात एक खटला गाजत होता. एर्लोटिनिब ही गेफिटिनिबच्याच जातीची गोळी. रोश कंपनीची एक गोळी ४,८०० रुपयांना होती. सिप्लानं तीच १,६०० रुपयांना बाजारात आणली. २००५ पासून देशात औषधांना पेटंट मिळू लागलेलं, त्यामुळे रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मार्च २००८मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी सिप्लाची गोळी थांबवायला नकार दिला. रुग्णांना परवडणारं औषध मिळण्यात लोकहित आहे, हा त्या निकालातला एक आधार होता. पुढच्या वर्षी खंडपीठानंही तो कायम ठेवला. दादानं त्या बातमीचं कात्रण पाकिटात ठेवलं होतं, घडीवर फाटेपर्यंत. १,६०० सुद्धा त्याच्या आवाक्याबाहेरच होते. पण जगण्याची किंमत कोर्टात मोजली जाते आणि कधीकधी आपल्या बाजूनं पडते, एवढा धीर त्या कागदानं दिला.

तेच दिवस औषध चाचण्यांचे होते. २००५ साली नियम बदलले आणि परदेशी कंपन्यांच्या चाचण्या तिकडच्याबरोबर भारतातही एकाच वेळी होऊ लागल्या. मुंबईतल्या एका रुग्णालयात वहिनीला अशा एका चाचणीबद्दल विचारलं. संमतीपत्र कितीतरी पानी आणि त्यातलं मराठी असं की दादा हताश झाला. ‘यादृच्छिक वाटप’ या शब्दापाशी तो थांबला. मी समजावून सांगितलं की कुणाला नवं औषध आणि कुणाला जुनं ते डॉक्टर ठरवत नाही, रुग्णही नाही. वहिनी म्हणाली, “म्हणजे कौल लावल्यागत की, भावजी. उजवा पडला तर उजवा.” संमतीपत्र लिहिणाऱ्या कुणालाही सुचलं नव्हतं इतकं ते नेमकं होतं. तिनं सहीही केली.

पण तिला घेतलं नाही. पाण्यातल्या पेशी तपासणीला पुरेशा नव्हत्या आणि फुप्फुसातून तुकडा काढण्याइतका दम तिच्यात उरला नव्हता. सहा महिन्यांपूर्वी तो होता. टीबीच्या गोळ्यांनी फक्त वेळ खाल्ला असं लोक म्हणतात. त्यांनी तिची परीक्षा देण्याची ताकद खाल्ली.

वाळूच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की नमुना चुकला तर पुढचं सगळं गणित चुकतं. कर्करोगाच्या संशोधनालाही हेच भोवलं. २००९ साली आयपास नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. पूर्व आणि आग्नेय आशियातले १,२१७ रुग्ण, बहुतेक कधीच न ओढलेले; पण जनुक तपासता आलं ते फक्त ४३७ जणांचं. बाकीच्यांचे तुकडे नव्हते किंवा पुरेसे नव्हते. तेवढ्यातूनही निकाल लख्ख निघाला. बिघाड असेल तर गोळी केमोपेक्षा सरस. नसेल तर गोळी केमोपेक्षा पुष्कळ वाईट. म्हणजे माणूस बघून गोळी देणं चूक, तुकडा तपासून देणं बरोबर.

वहिनीला मात्र माणूस बघूनच दिली. केमोच्या चार फेऱ्या झाल्यावर २००९च्या फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले की बाई आहेत, ओढत नाहीत, देऊन बघू. भारतीय कंपनीचं गेफिटिनिब होतं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या तोंडावर मुरुमांसारखं पुरळ उठलं. डॉक्टर ते पाहून हसले, गोळी लागू पडल्याची ती खूण असते म्हणाले. महिन्यात ती जिना उतरून अंगणात आली. गौरीच्या सणाला तिनं सोळा भाज्यांचा घाट घातला, “भावजी, तवशी आणा की,” म्हणून मला बाजारात पिटाळलं. अकरा महिने मिळाले. मग गोळीचा गुण गेला, आणि २०१०च्या पहिल्या पावसात ती गेली.

त्या अकरा महिन्यांचं मोल मला ठाऊक आहे, म्हणून संशोधनाला कुणी नावं ठेवली की मला सहन होत नाही. चाचण्यांत गरिबांना फसवलं गेल्याची प्रकरणं पुढं आली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३च्या जानेवारीत सरकारला खडसावलं, भरपाईचे नियम आले. ते व्हायलाच हवं होतं. पण त्यानंतर काही वर्षं चाचण्याच आटल्या, आणि ज्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं त्यांचं तेही दार बंद झालं. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या पुण्यातल्या एका परिचिताशी मी भांडलो. अजून आमचं बोलणं नाही.

गंमत अशी नव्हे, अभिमान असा, की खरं उत्तर परळमधूनच आलं. २०१३ साली टाटाच्या प्रयोगशाळेनं ९०७ भारतीय रुग्णांचे नमुने तपासून दाखवलं की इथल्या ॲडिनोकार्सिनोमाच्या साधारण २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरचा बिघाड आहे. मग २०१६ ते २०१८ या दोन वर्षांत डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ३५० रुग्ण घेतले. निम्म्यांना नुसतं गेफिटिनिब, निम्म्यांना गेफिटिनिब आणि सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची केमो. रोग आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. त्रासही वाढला, तोही त्यांनी लपवला नाही. २०१९च्या जूनमध्ये शिकागोच्या परिषदेत हे मांडलं गेलं. महागडं नवं रसायन नाही. सगळी जुनी, स्वस्त होत आलेली औषधं. त्याच वर्षी सरकारनं ४२ कर्करोग-औषधांवरच्या नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली आणि पेमेट्रेक्सेडच्या एका ब्रँडची कुपी २२,००० वरून २,८०० वर आली. वहिनी असती तर, हा विचार मी त्या रात्री कितीदा केला ते सांगत नाही.

दरम्यानच्या वर्षांत ओसिमर्टिनिब ही त्याच बिघाडावरची नवी गोळी आली, प्रतिकारशक्तीला जागं करणारी इंजेक्शनं आली, २०२४च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरची आयात जकात माफ झाली. यावर माझ्याहून जाणती माणसं लिहितात, लिहोत. मला टोचतं ते निराळं. २००७ साली टीबीचा संशय खोटा ठरवायला साधनं कमी होती. आज जिल्ह्याजिल्ह्यात सीबीनॅटचं यंत्र आहे, काही तासांत जंतू आहे की नाही ते सांगतं. हुबळीत सीटी आहे, ब्रॉन्कोस्कोपी आहे, नवनगरला कर्करोगाची संस्था आहे. बेलूरहून तिथं जायला तासाच्या आसपास लागतो. आणि तरी फाउंड्रीतला एक माणूस पाच महिने चुकीच्या गोळ्या गिळत बसतो, कारण जंतू सापडत नाही तेव्हा ‘हा टीबी नसेल तर?’ हे चार शब्द कुणी उच्चारत नाही. वाळूतली सिलिकाची धूळ फुप्फुसाचा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९७ सालीच नोंदवलं आहे. ज्या वसाहतीत रोज ती धूळ उडते, तिथं तरी ही शंका सगळ्यात आधी यायला नको?

मी त्याला दुसऱ्या दिवशी हुबळीला घेऊन गेलो. सुईनं तुकडा काढला. पहिल्या वेळी अपुरा निघाला, दुसऱ्यांदा काढला, तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. तो तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा जनुक तपासणीला बाहेरगावी गेला आणि परवा, गुरुवारी, रिपोर्ट आला. ॲडिनोकार्सिनोमा. ईजीएफआर, एक्झॉन १९मध्ये बिघाड. म्हणजे गोळी लागू पडावी असा.

डॉक्टरांनी आधी टीबीची औषधं बंद करायला सांगितली. त्यांतलं रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की गेफिटिनिब रक्तात टिकतच नाही, ऐंशी टक्क्यांहून जास्त वाया जातं. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं ती कापडी पिशवी माझ्यापुढं रिकामी केली. उरलेल्या या गोळ्यांचं काय करायचं, तिनं विचारलं, केंद्रावर परत घेतात का? मी पाकिटं मोजली. सत्तावीस दिवसांच्या शिल्लक होत्या.