झाडीपट्टीचा दमसास

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वडसा हे स्टेशन लागतं. सरकारी कागदावर गावाचं नाव देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. गावोगावची मंडळं दिवाळीच्या आगेमागे इथे येतात, नाटक निवडतात, तारीख पक्की करतात. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात, धानाची कापणी उरकते, आणि तिथून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत कुठल्या ना कुठल्या गावात रात्रभर पडदा उघडा असतो.

रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. त्यात आक्रोश आहे, भांडण आहे, विनोदी प्रवेश आहेत, लावणी आहे आणि गाणी आहेत. अनेक नटनट्या गाणं रंगमंचावर स्वतः गातात, तेही ऑर्गन, तबला आणि अलीकडे ऑक्टोपॅडच्या साथीवर. सकाळी गाडीत झोप काढायची आणि संध्याकाळी पुढचं गाव गाठायचं. २०२३ साली पद्मश्री मिळालेले गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांच्या नावावर पाच हजारांहून अधिक प्रयोग सांगितले जातात. एवढ्या रात्री उघड्या मैदानावर, थंडीत आणि धुळीत आवाज टिकवणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, याचं कौतुक आपण पुरेसं केलेलं नाही.

हंगाम अर्ध्यावर आला की 'गळा बसला' हे वाक्य या रंगभूमीवर इतकं सवयीचं होतं की ते थंडी-तापासारखं येणारच असं सगळे धरून चालतात. मला ते मान्य नाही. श्वास घेण्याची, तो राखण्याची आणि आवाज लावण्याची रीत असते, ती शिकता येते, आणि ती शिकवण्याची सोय झाडीपट्टीतच, हंगामाच्या आधी व्हायला हवी.

आधी गळ्यात काय चालतं ते पाहू. कंठमण्यामागे स्वरयंत्र आहे आणि त्यात दोन स्वरतंतू. मोठ्या माणसात ते जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे. त्यांचं मूळ काम गाण्याचं नाहीच. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ते दार बंद करतात. गाताना हे दार हलकेच मिटतं, खालून आलेली हवा ते उघडते, तंतू आपल्या लवचीकपणाने पुन्हा मिटतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. काळी पाच पट्टीत गाणाऱ्या स्त्रीच्या मध्य षड्जाला हे तंतू सेकंदाला साधारण २३३ वेळा एकमेकांवर येतात. म्हणजे नुसता तो एक स्वर एकूण मिनिटभर लागला, तरी चौदा हजारांच्या आसपास आघात झाले. तार षड्जाला ते दुप्पट. आघात हलका असेल तर तंतू रात्रभर ते सोसतात. जोर लावून, गळा आवळून गायलं की त्यांच्या कडा सुजतात, नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. मग तोच आवाज काढायला गायक आणखी जोर लावतो आणि सूज वाढते. महिनोन्‌महिने असं चाललं तर तंतूंच्या कडांवर लहान गाठी धरतात. त्या सहसा तंतूच्या पुढच्या एक तृतीयांश भागाच्या शेवटी येतात, कारण आघात तिथे सर्वांत जास्त बसतो. बहुतेक वेळा विश्रांती आणि आवाजाची पद्धत सुधारून त्या बऱ्या होतात, शस्त्रक्रिया लागत नाही.

जोर न लावता आवाज मोठा आणि लांब कसा निघणार, हा खरा प्रश्न. उत्तर श्वासात आहे, पण 'छाती भरून श्वास घे' या सांगण्यात नाही. छाती ठासून भरली की फासळ्या आणि फुप्फुसं आपल्या लवचीकपणाने आत यायला बघतात, हवा एकदम बाहेर धावते आणि तिला अडवण्याचं काम बिचाऱ्या स्वरतंतूंवर पडतं. फुप्फुसांखाली श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे. श्वास घेताना तो सपाट होत खाली येतो, म्हणून पोट पुढे येतं आणि खालच्या फासळ्या बाजूंना फाकतात. 'पोटातून गा' असं उस्ताद सांगतात ते याचसाठी; पोटात काही हवा जात नाही. दमसास म्हणजे गाताना त्या फाकलेल्या फासळ्या लगेच कोसळू न देता हवा सावकाश सोडणं. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाटाने पाणी सोडतात तसं. बांध फुटला तर तेच पाणी बांधीतलं धान झोपवतं. जुने इटालियन गायनगुरू याच रीतीला आधार घेणं म्हणत, आणि आपल्याकडे पहाटे खर्ज लावून एका श्वासात एक स्वर स्थिर धरण्याचा रियाज सांगितला तोही याच रीतीसाठी.

आपल्याकडे या विषयाचा शास्त्रीय अभ्यास नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने प्रा. बी. आर. देवधरांचं नाव आठवावं. मुंबईत संगीत विद्यालय चालवणाऱ्या, कुमार गंधर्वांना घडवणाऱ्या देवधर मास्तरांनी आवाजसाधनेच्या शास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिलं. पुढे डॉ. अशोक रानडे यांनीही आवाज जोपासण्याचा विचार सातत्याने मांडला. हे ज्ञान मुंबई-पुण्यात राहिलं. वडसा, मूल, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी इथल्या गाणाऱ्यांपर्यंत पोचलं नाही, हे दुःख आहे.

कुमार गंधर्वांचं उदाहरण तर प्रत्येक गाणाऱ्याने समजून घ्यावं. क्षयाने ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस आजारी पडले, देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाणं बंद होतं. स्ट्रेप्टोमायसिनने ते बरे झाले, पण एक फुप्फुस जवळपास निकामी झालेलं होतं. त्यानंतर त्यांनी जे गाणं उभं केलं त्यात लहान लहान, नेमक्या जागी तुटणाऱ्या आणि पुन्हा उसळणाऱ्या स्वराकृती आहेत. श्वास थोडा होता, म्हणून तो कुठे घ्यायचा आणि कुठे खर्चायचा हे त्यांच्या गाण्यात ठरलेलं दिसतं. फुप्फुसं किती मोठी यापेक्षा आहे तो श्वास कसा वापरला याला महत्त्व आहे, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

या जंगलपट्टीतल्या जुन्या गाण्यांनाही हे शहाणपण होतं. भामरागड, एटापल्ली भागात माडिया-गोंड तरुण-तरुणी हातात हात गुंफून रात्र रात्र रेला गीतं म्हणतात. एका गटाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने ती उचलायची. तेवढ्यात पहिल्या गटाचा श्वास परत येतो. नाचताना गायचं म्हणजे दम लागणारच, तेव्हा गाण्याचा भार एकट्यावर ठेवलेलाच नाही. दंडार या इथल्या लोकनाट्यात म्होरक्याने ओळ टाकली की मागचे झील धरतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी चिमूरच्या परिसरात घुमली, १९४२ च्या चिमूरच्या उठावाला त्यांच्या भजनांनी बळ दिलं, आणि आजही या भागातल्या गावांमध्ये गुरुदेव सेवा मंडळाची भजनं होतात. तिथेही पुढचा म्हणतो, मागचे घेतात. रात्रभर गाऊन सकाळी शेतावर जाणाऱ्या माणसांचा गळा शाबूत राहत असे, त्याला ही वाटणीही कारण असली पाहिजे.

नाटकात मात्र नट एकटा. माइक आला म्हणून भार हलका व्हायला हवा होता, पण अनेकदा उलटंच होतं. आजूबाजूचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे दाखवून दिलं. मैदानात स्पीकरचे ढीग प्रेक्षकांकडे तोंड करून उभे असतात. रंगमंचावर नटाच्या कानाशी असतो तो ऑक्टोपॅड. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो ओरडतो, आणि माइकमुळे ते ओरडणं आणखी मोठं होऊन मैदानभर जातं. यावर उपाय आहे. नटांच्या दिशेने तोंड केलेला एक छोटा स्पीकर विंगेत ठेवा. स्वतःचं गाणं कानावर आलं की गळा आपोआप सैल पडतो. साऊंडवाल्याला हे सांगायला आयोजकांना जादा पैसा लागत नाही.

पट्टीचंही तेच. नायिकेची पट्टी तिच्या गळ्याने ठरवावी, ऑर्गनवाल्याच्या बोटांच्या सवयीने नव्हे. काळी पाचला ताणून गाणारी मुलगी काळी चारला मोकळी गात असेल तर काळी चारच तिची पट्टी. डिसेंबरच्या कडाक्यात आणि लागोपाठच्या चौथ्या रात्री ती अर्धा स्वर आणखी उतरवावी; इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर एक बटण दाबून ते होतं. प्रेक्षकांना पट्टी कळत नाही, फाटलेला आवाज कळतो.

आता सरावाबद्दल. उताणं झोपून पोटावर एक वही ठेवा आणि श्वासाबरोबर ती वर येते का पाहा. खांदे उचलले जात असतील तर श्वास चुकतो आहे. मग बसून, खालच्या फासळ्यांवर दोन्ही हात ठेवून, दातांतून 'स्स्स' असा एकसारखा आवाज सोडा. तो सुरुवातीला मोठा आणि शेवटी मरगळलेला येत असेल तर अजून ताबा नाही. सेकंद मोजण्यापेक्षा तो एकसारखा येण्याकडे लक्ष द्यावं. तिसरा सराव मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. पेल्यात पाणी घ्या, त्यात साधी नळी दोन बोटं बुडवा आणि तिच्यातून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा. तोंडापुढे थोडा अडथळा आल्याने वरून मागे दाब येतो, स्वरतंतू एकमेकांवर आपटण्याऐवजी हलकेच टेकतात. इंगो टिट्झे या अमेरिकी आवाज-शास्त्रज्ञाने नळीच्या सरावाचा खूप प्रसार केला. मेकअप करता करता दहा मिनिटं हे करता येतं, आणि नाटक संपल्यावर पाच मिनिटं केलं तर ताणलेला गळा उतरतो. गाण्याच्या वहीत श्वासाच्या जागी पेन्सिलीने खुणा करा. शब्दाच्या मध्ये श्वास तुटला तर अर्थही तुटतो. आक्रोशाच्या संवादाला गाण्याइतकाच श्वास लागतो, हे तर दिग्दर्शकांनीही ध्यानात घ्यायला हवं.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा या भागात इतका मुरला आहे की रात्रीची झोप उडवायला रंगपटातही तो फिरतो. तंबाखूने कर्करोग होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारीने काय होतं ते गाणाऱ्याने विशेष ऐकावं. तिने तोंडाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठर होतं, जबडा उघडेनासा होतो. ज्याचं तोंड दोन बोटांइतकंच उघडतं त्याने आकार कसा लावायचा? गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचं अभियान चाललं आहे. नाटक मंडळांनी त्यांना रंगपटात बोलवावं, एवढी माझी विनंती आहे.

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसकडच्या गायकांना कोळशाची आणि सिमेंटची धूळ आहे. मळणीच्या दिवसांत धानाचा भुसा सगळीकडेच. नाकाने श्वास घेण्याची सवय, प्रवासात तोंडावर रुमाल आणि दिवसभर पाणी, इतकं तरी हातात आहे. प्यालेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जातं, म्हणून प्रवेशाला निघताना घोटभर पिऊन भागत नाही. शरीरात ओलावा आधीपासून लागतो. वाफ मात्र थेट पोचते. ज्येष्ठमध, मिरी, खडीसाखर यांनी घशाला बरं वाटतं, पण सुजलेला तंतू त्यांनी बरा होत नाही, आणि ज्येष्ठमध रोज भरपूर चघळल्यास रक्तदाब वाढू शकतो. रात्री जेवून लगेच गाणं, मग चहावर चहा आणि पहाटे तिखट खाऊन झोप, या क्रमात पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राला लागतं. बसलेल्या आवाजात कुजबुजणंही टाळावं; त्यात अनेकांच्या गळ्यावर बोलण्याहून अधिक ताण येतो. गप्प राहणं सर्वांत चांगलं.

वडशाच्या कंपन्यांनी आणि गोंडवाना विद्यापीठाने मिळून दरवर्षी दसऱ्याच्या आधी चार दिवसांचं आवाज-शिबिर घ्यावं. एक गायनगुरू, एक कान-नाक-घशाचा डॉक्टर आणि एक ध्वनियोजना जाणणारा माणूस, एवढे तिघे पुरेत.

१८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरशांच्या आणि सूर्यप्रकाशाच्या मदतीने स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले, आणि तिथून घशाची आजची तपासणी सुरू झाली. आज ही तपासणी दुर्बिणीतून काही मिनिटांत होते. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तीन आठवडे होऊनही आवाज बसलेलाच असेल, आणि खर्ऱ्याची सवय असेल तर विशेषच, हंगाम संपायची वाट न पाहता तिथे जाऊन घसा दाखवा.