इंजिन उघडण्याआधी

शाळेचं स्नेहसंमेलन ऐन रंगात आलं आणि वीज गेली. भाड्यानं आणलेला पेट्रोलवरचा छोटा जनरेटर मैदानाच्या कडेला तयारच होता. तासभर तो चालला आणि पेट्रोल संपून बंद पडला. पेट्रोल भरलं, चोक ओढला, दोरी ओढली. इंजिन काही सुरू होईना. दहा-पंधरा वेळा ओढून झालं. 'प्लगला करंट येतोय का बघू या,' कुणीतरी म्हणालं. प्लग काढला, त्याला पुन्हा वायरची टोपी लावली आणि इंजिनाच्या माथ्यावर, प्लगच्या उघड्या भोकाशेजारीच आडवा ठेवला. दहावीतला एक धडधाकट मुलगा दोरी धरून उभा होता. 'ओढ,' असं त्याला मीच म्हटलं.

भोकातून हातभर जाळ बाहेर आला. मुलाच्या भुवया आणि हातावरचे केस जळाले. डोळे वाचले, ते केवळ दोरी ओढताना त्यानं मान वळवली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्यानं प्लग पुसून बसवला, चोक उघडला आणि दोन झटक्यांत इंजिन सुरू केलं. इंजिनात काहीही बिघडलेलं नव्हतं! गरम इंजिनाचा चोक आम्ही ओढून ठेवला होता, त्यामुळे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलं होतं, इतकंच.

मी विज्ञान शिकवतो. पेट्रोल ज्वालाग्राही असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण 'ज्वालाग्राही' हा शब्द माहीत असणं वेगळं आणि आपल्या पुढ्यात नेमकं काय घडणार आहे हे कळणं वेगळं. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, पाण्याचे छोटे पंपसेट, जनरेटर अशी लहान पेट्रोल इंजिनं आज गावोगावी आहेत. आपले विद्यार्थी ती हाताळतात, घरी उघडूनही बसतात. म्हणून या इंजिनाचं काम आणि त्याचा धोका यांचा एकत्र विचार करू.

जळतं ते पेट्रोल नव्हे

इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर दाब आणि नेमक्या वेळी ठिणगी. इंजिन सुरू होत नसेल तर या तिन्हींपैकी काहीतरी कमी आहे. आणि इंजिनाबाहेर जाळ झाला, तर मिश्रण आणि ठिणगी यांची नको तिथं गाठ पडली आहे. दुरुस्तीचं आणि सुरक्षिततेचं शास्त्र एकच आहे ते असं.

पहिली गोष्ट मिश्रणाची. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. रॉकेलच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमायला साधारण ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. पेट्रोलला त्यासाठी उणे ४० अंशांच्या आसपासचं तापमानही पुरतं! म्हणजे आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही उघड्या पेट्रोलवर पेटाऊ वाफ तयारच असते.

ही वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच पेटते. त्याहून कमी असली तर इंधन अपुरं, जास्त असली तर हवा अपुरी. म्हणूनच 'रिकामा' डबा फसवा असतो. तळाशी उरलेल्या चार थेंबांची वाफ आणि आत शिरलेली हवा मिळून नेमकं पेटाऊ मिश्रण होऊ शकतं.

शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पाण्यासारखी वाहत जाते, खड्ड्यात साचते आणि दूरवरच्या शेगडीपर्यंत, विडीपर्यंत पोहोचते.

हे वर्गात दाखवायचं असेल तर पेट्रोलला हातही लावू नका. एका उंच भांड्यात खाण्याचा सोडा घ्या आणि त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओता. भांड्यात कार्बन डायऑक्साइड साचेल. जाड कागद दुमडून पन्हाळ करा, ती उतरती धरा आणि खालच्या टोकाशी एक बुटकी मेणबत्ती पेटवून ठेवा. आता भांडं पन्हाळीच्या वरच्या टोकाशी हळूच तिरपं करा. भांड्यातलं पाणी मात्र सांडू देऊ नका. काहीच दिसत नाही, पण मेणबत्ती विझते. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो असा वाहतो. मग पेट्रोलची वाफ किती सहज वाहत असेल? फरक एवढाच, की ती मेणबत्तीपाशी पोहोचली तर विझवणार नाही.

ठिणगी येते कुठून?

जर्मनीच्या निकोलाउस ओटोनं १८७६ साली चार टप्प्यांचं इंजिन यशस्वी केलं. आजची बहुतेक लहान जनरेटर-इंजिनं त्याच तत्त्वावर चालतात. दट्ट्या खाली येताना मिश्रण आत ओढतो, वर जाताना ते दाबतो, ठिणगी पडते, जळणारे वायू दट्ट्याला खाली ढकलतात आणि पुढच्या खेपेला दट्ट्या धूर बाहेर काढतो. आपल्याकडचा ५० हर्ट्झचा साधा जनरेटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. आणि दर दोन फेऱ्यांमागे एक ज्वलन, म्हणून सेकंदाला २५ ज्वलनं. हे गणित विद्यार्थ्यांना जरूर करायला द्या.

दोरी ओढून सुरू होणाऱ्या बहुतेक इंजिनांत ठिणगीसाठी बॅटरी नसते. इंजिनाच्या जड चाकावर चुंबक बसवलेला असतो. चाक फिरलं की चुंबक एका वेटोळ्याजवळून झर्रकन जातो आणि वेटोळ्यात दहा हजार व्होल्टच्या पुढचा दाब तयार होतो. आपण नववी-दहावीत शिकवतो तेच फॅरडेचं प्रवर्तन!

यातून दोन महत्त्वाच्या गोष्टी निघतात. पहिली: चाक हातानं फिरलं तरी ठिणगी पडते. गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात अडकलेलं गवत काढताना पातं फिरलं, तर काही यंत्रांत पात्याबरोबर इंजिनही फिरतं आणि क्षणभर सुरू होऊ शकतं. बोटं जायला तेवढा क्षण पुरतो.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. दिव्याचं बटण बंद केलं की विजेचा मार्ग तुटतो. या इंजिनांचा बंद करण्याचा स्विच मात्र सहसा उलटा चालतो. तो वेटोळ्याची वायर इंजिनाच्या धातूला जोडून देतो, म्हणून वीज प्लगपर्यंत जात नाही. आता स्विचची ती बारीक वायर तुटली तर? दिव्याचा दिवा विझला असता. इथं मात्र इंजिन बंदच होणार नाही. म्हणून स्विचवर विसंबू नये. यंत्राला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायची आणि ती पुन्हा प्लगला टेकणार नाही अशी बाजूला अडकवून ठेवायची. हा या कामातला पहिला नियम.

बिघाड शोधण्याचा क्रम

इंजिन सुरू होत नसलं तर पाना उचलण्याआधी न उघडता दिसणाऱ्या गोष्टी पाहाव्यात. टाकीत पेट्रोल आहे का? तोटी उघडी आहे का? स्विच 'चालू'वर आहे का? थंड इंजिनाला चोक ओढलेला आणि गरम इंजिनाला उघडा, असं आहे का? चार टप्प्यांच्या इंजिनात ऑइल पुरेसं आहे का? अनेक जनरेटरमध्ये ऑइलची पातळी खाली गेली की ठिणगी आपोआप तोडणारी सोय असते. अशा इंजिनाची दोरी कितीही ओढली तरी उपयोग नाही.

मग प्लग काढून त्याचं टोक पाहावं. ते इंजिनाच्या पोटातली बातमी सांगतं. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. ओलं असेल तर पेट्रोल येतंय, पण जळत नाही: एक तर ते जास्त झालं आहे किंवा ठिणगी नाही. कोरडं असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही. काळी काजळी असेल तर हवा कमी पडते आहे, बहुधा हवेची जाळी धुळीनं तुंबली आहे.

पेट्रोल जास्त झालं असेल तर तोटी आणि स्विच बंद करावा, चोक उघडावा, प्लग काढावा आणि यंत्र उघड्यावर, ठिणगी-विस्तवापासून दूर ठेवून दोरी काही वेळा सावकाश ओढावी. भोकासमोर तोंड नको. प्लग पुसून वाळू द्यावा. आमच्या जनरेटरला एवढंच हवं होतं.

ठिणगी तपासायची असेल तर? आमची चूक इथंच झाली. दोरी ओढल्यावर दट्ट्यानं आतलं पेटाऊ मिश्रण भोकातून पिचकारीसारखं बाहेर फेकलं, आणि चार बोटांवर आम्हीच ठिणगी तयार ठेवली होती. योग्य रीत अशी: मूळ प्लग जागच्या जागी घट्ट राहू द्यावा, म्हणजे भोक बंद राहतं. पेट्रोलची तोटी बंद, टाकीचं झाकण बंद, सांडलेलं पेट्रोल पुसून वाळलेलं. मग टोपीत दुसरा, जादा प्लग बसवून त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, टाकी आणि कार्बोरेटरपासून दूर, टेकवावं. प्लग हातात न धरता रबरी मुठीच्या पक्कडीत धरावा. ठिणगी तपासायचं छोटं उपकरण मिळतं, ते तर उत्तमच. आणि दोरी ओढायला विद्यार्थी नको.

पेट्रोल पोहोचत नसेल तर बहुतेक वेळा कार्बोरेटरमधलं केसासारखं बारीक भोक, म्हणजे जेट, बुजलेलं असतं. महिनोन् महिने साठलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट राळ उरते. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्यांना मानवतंच असं नाही. म्हणून यंत्र हंगामानंतर ठेवून देताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. जेटमध्ये तार घालून कोरू नये. भोक जरा मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं.

सुटे भाग पेट्रोलनं धुण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. पेट्रोलमध्ये थोडं बेंझीन असतं, ते कर्करोगकारक आहे; आणि परातभर पेट्रोल म्हणजे खोलीभर वाफ. तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढणं त्याहून वाईट. पाण्याहून पातळ असं हे द्रव चुकून श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात झपाट्यानं पसरतं आणि गंभीर इजा करतं. पेट्रोल गिळलं गेलं असेल तर उलटी करवू नये, कारण वर येताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. सरळ दवाखाना गाठावा.

दुरुस्ती झाली, आता चालवून पाहू

इथं शेवटचा आणि सगळ्यांत गुपचूप येणारा धोका असतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला जवळजवळ १५ ग्रॅम हवा लागते. लिटरचा हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलला सुमारे ९००० लिटर हवा! ती कमी पडली की कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड बनतो. चोक ओढलेला असेल, हवेची जाळी तुंबलेली असेल तर तो आणखी वाढतो. म्हणजे बिघडलेलं इंजिन जास्त विषारी.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की दिवसभराचा शीण आहे. पाऊस आला म्हणून जनरेटर पडवीत किंवा खोलीत घेऊन दार लोटणाऱ्यांचे जीव असेच जातात. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. इंजिन उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून दूरच चालवायचं. कुणाला गरगरलं तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणायचं आणि लगेच दवाखान्यात न्यायचं.

चालत्या किंवा तापलेल्या इंजिनात पेट्रोल भरू नये. बंद करून पंधरा मिनिटं तरी निवू द्यावं. जवळ कोरडी वाळू किंवा पावडरचं अग्निशामक असावं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पाणी मारलं तर आग पसरते. भाजलं तर त्या जागेवर २० मिनिटं वाहतं साधं पाणी धरावं. टूथपेस्ट किंवा शाई लावू नये.

वर्गासाठी

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत सूचनांची लांबलचक यादी असते आणि ती कुणीच वाचत नाही. ती यादी वर्गात आणा. प्रत्येक 'करू नका'समोर 'का?' लिहायला मुलांना सांगा. बहुतेक उत्तरं त्यांच्याच पाठ्यपुस्तकात सापडतील: बाष्पीभवन, घनता, प्रवर्तन, ज्वलन, श्वसन. ज्या नियमाचं कारण कळलं तो नियम घाईच्या वेळीही आठवतो. नुसता पाठ केलेला विसरतो.

आमच्या शाळेत आता ही यादी दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी होते. पहिल्या वर्षी फळ्यावर ती लिहायला मी त्याच मुलाला बोलावलं होतं. भुवया तोवर उगवल्या होत्या. पहिली ओळ त्यानं स्वतःच्या मनानं लिहिली: 'सर सांगतील तरीही, आधी विचारा: का?'