दोनशे लिटरचा समुद्र

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. आमच्या गल्लीत पूर आला नाही, पण शहराला पाणी उपसून देणारी केंद्रंच पुरात बुडाली, त्यामुळे नळ कोरडे पडले. शिरोलीपाशी महामार्ग बंद झाला. तिसऱ्या दिवशी आमच्या भागातली वीज गेली. माझ्या बैठकीच्या खोलीत तेव्हा दोनशे लिटर खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी होती आणि तिच्यात दोन क्लाउनफिश, एक निळा डॅमसेल, एक कोळंबी, गोगलगायी आणि मऊ प्रवाळांचे पाचसहा पुंजके.

इन्व्हर्टर चार तासांत संपला. पंप थांबले. मी तांब्या घेतला आणि टाकीतलंच पाणी हातभर उंचीवरून परत टाकीत ओतू लागलो. दर वीस मिनिटांनी पन्नास तांबे. रात्री मुलगा आणि मी पाळी लावून. खाली टँकरपुढे घागरींची रांग होती आणि वर मी माशांसाठी पाणी खालीवर करत होतो. शेजारचे एक गृहस्थ दारात येऊन म्हणाले, "काय ओ सर, आमच्या नळाला पाणी न्हाई आणि तुमच्यात समुद्र व्हय?" आईनं उत्तर दिलं, "तो प्याला तर तुमाला पाजू, या." हसणं झालं, पण त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आणि त्या तीन रात्रींनी एका जुन्या वादाबद्दलचं माझं मत बदललं. वाद असा: प्रवाळांच्या टाकीतलं पाणी ठरावीक काळानं बदलावं, की टाकी एकदा नीट बसली म्हणजे त्याची गरजच उरत नाही?

हा वाद टाकीइतकाच जुना आहे. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या एका इंग्रज बाईनं टॉर्की इथल्या किनाऱ्यावरून पाषाणी प्रवाळ गोळा केले, सुईदोऱ्यानं ते स्पंजाला टाचले आणि बरणीत घालून लंडनला नेले. तिथं समुद्राचं पाणी वारंवार मागवणं परवडेना. मग तिनं आहे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला लावलं, एका वेळी अर्धा-पाऊण तास. ओतणारी अर्थात बाई नव्हे, तिची मोलकरीण. पुढच्या वर्षी तिनं त्यात समुद्रशेवाळ सोडलं आणि काम हलकं झालं. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं गोड्या पाण्यात हेच मांडलं: वनस्पती, मासे आणि कुजकं खाणाऱ्या गोगलगायी यांचा मेळ बसला तर पाणी बदलावं लागत नाही. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. मला मात्र आठवते ती मोलकरीण. आपण दोघांनी एकच काम केलं, एवढंच की मला त्याचा पगार मिळाला नाही.

ओतण्याचं कारण सांगतो. २६ अंश तापमानाला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यात आठाच्या आसपास. त्यात टाकीतल्या दगडांवर आणि वाळूत जीवाणूंची जी वस्ती असते तीही श्वास घेते, बहुधा माशांपेक्षा जास्तच. पंप थांबला की पाण्याचा वरचा थर हवेशी बोलतो, खालचा गुदमरतो. म्हणून वीज गेली तर टाकी घाणीनं मरत नाही, श्वास कोंडून मरते. आमची कोळंबी दुसऱ्या रात्री गेली. बाकीचे तगले.

पूर ओसरला तरी महिनाभर पाणी बदलता आलं नाही. नळाला येणारं पाणी गढूळ, गाळणयंत्राचे फिल्टर दोन दिवसांत काळे. तोवर मी दर रविवारी न चुकता वीस लिटर, म्हणजे दहावा हिस्सा पाणी बदलत असे. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबानं आठवड्याला ७०० ग्रॅम आणि वर्षाला ३६ किलो सागरी मीठ. रविवार चुकला की मला पूजा चुकल्यासारखं वाटायचं. ते पाच रविवार चुकले आणि टाकीला काही झालं नाही. तेव्हा मी वही काढून हिशेब केला, जो आधीच करायला हवा होता.

समजा, माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं आणि आपण दहा टक्के पाणी काढतो. पहिल्या आठवड्यात निघतं फक्त अर्धा मिलिग्रॅम. साठा जसा वाढतो तसा काढलेल्या वीस लिटरांतला भागही वाढतो, आणि अखेर साठा ५० वर पोचला की जेवढं येतं तेवढंच जातं. कर्जासारखं आहे: दर आठवड्याला पाच रुपये नवे आणि फेड एकूण कर्जाच्या दहाव्या हिश्शाची, तर कर्ज पन्नासावर थांबतं, शून्यावर कधीच येत नाही. शिवाय दहा वेळा दहा टक्के बदललं म्हणजे सगळं पाणी नवं झालं, हाही भ्रम. मूळ पाण्यातला ३५ टक्के भाग तेव्हाही टाकीत असतोच. म्हणजे बदल हा घाण काढण्याचा फार दुबळा मार्ग आहे. दिवसाला चिमूटभर खाणं कमी घातलं तर त्याहून जास्त काम होतं.

मग घाण जाते कुठं? माशांचा अमोनिया जीवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तिथून पुढं दोन वाटा आहेत. एक, वाळूच्या खोल थरात, जिथं प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नत्रवायू हवेत सोडतात. मोनॅकोच्या जाँ जोबेर यांनी वाळूखाली मोकळी पोकळी ठेवून याच तत्त्वावर टाक्या चालवल्या. दुसरी वाट शेवाळाची. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडी यांनी जाळीवर शेवाळ वाढवून, ते खरवडून काढून प्रवाळांची टाकी चालवली. त्यांच्याही आधी, १९६१ मध्ये, इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर भागतं असं लिहिलं होतं. मी शेवाळाची वाट धरली. टाकीखालच्या कपाटात एक लहान टाकी, वर एक दिवा, आत हिरव्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखं शेवाळ. दर पंधरा दिवसांनी त्यातलं मूठभर पिळून काढायचं. ते तुळशीला घालू नये. आईनं एकदा घातलं, मिठानं तुळस गेली, आणि तो दोष अजून माझ्या नावावर आहे.

तर ऑक्टोबर २०१९ पासून मी पाणी बदलणं थांबवलं. नायट्रेट वाढलं नाही, उलट उतरलं. मी जरा शेफारलोच. ओळखीच्या हौशी मंडळींना सांगू लागलो की रविवारची बादली म्हणजे निव्वळ कर्मकांड आहे.

नऊ महिन्यांनी गोगलगायींच्या शंखांची टोकं पांढरी पडून झिजू लागली. दगडांवरचा गुलाबी चुनखडी शेवाळाचा लेप फिका झाला. चाचणी केली तेव्हा पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, जर्मन अंशांत ८ असायची ती साडेपाचवर आली होती. घाण साठली नव्हती. भांडवल संपलं होतं. शंख, गुलाबी शेवाळ, नळीतले किडे, सगळे पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलून चुनखडी बांधतात. लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं की जवळपास तीन अंश अल्कता जाते. कॅल्शियमचा साठा ४०० च्या वर असल्यानं त्यातली घट जाणवत नाही. अल्कतेचा खिसा लहान, तो आधी रिकामा होतो. अमोनियाचं नायट्रेट होतानाही थोडी अल्कता खर्ची पडते. रविवारच्या वीस लिटरांत ताजं मीठ असे आणि ते हा खर्च गुपचूप भरून काढत असे. मी ज्याला साफसफाई समजत होतो ती अर्धीअधिक शिधाभरती होती.

यावर उपाय घरातला निघाला: चुन्याची निवळी. जर्मन हौशी मंडळींत पीटर विल्केन्स यांनी ती रूढ केली. पानाचा चुना वापरू नये, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावं. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतं, बाकीचं तळाशी बसतं, वरची निवळ तेवढी घ्यायची. ती फार तीव्र असते, पीएच १२ च्या वर. म्हणून रात्री थेंबथेंब सोडायची, एकदम ओतली तर मासे मरतात. टाकीतून रोज पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून उडालेल्याच्या जागी नेहमी बिनमिठाचंच पाणी घालावं लागतं. त्या पाण्यातच निवळी मिसळायची. माझ्या टाकीला पाव ताकदीची पुरते. कोल्हापुरात उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर उडतं, जुलैत दमट हवेत एक लिटरही नाही. तेव्हा पावसाळ्यात निवळी थोडी दाट करावी लागते. हे मला कोणत्याही परदेशी पुस्तकात मिळालं नाही, आणि मिळायचं कारणही नाही.

लोक विचारतात, कोकण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असताना शिरोड्याच्या मिठागराचं मीठ का नाही विरघळवत? कारण मिठागर समुद्र आटवतं खरं, पण सगळा समुद्र गोळा करत नाही. पाणी आटताना आधी चुनखडी आणि जिप्सम तळाशी बसतात, मग खाण्याचं मीठ, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत द्रवात राहून त्या कडू पाण्याबरोबर टाकले जातात. खड्याचं मीठ म्हणजे समुद्राचा मधला तुकडा. चॅलेंजर जहाजानं १८७२ ते १८७६ मध्ये जगभरातून आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले, तेव्हा दिसलं की खारटपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच आहे. टाकीला ते प्रमाण हवं असतं. खरं समुद्राचं पाणी आणायचं तर ते गगनबावड्याचा घाट चढवून आणावं लागतं, आणि तेही पावसाळा सोडून. जून ते सप्टेंबर नद्या समुद्राला गोडा आणि गढूळ करतात. मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला ही अडचण नव्हती, समुद्र रस्त्यापलीकडे होता.

पाषाणी प्रवाळ मी ठेवत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. माझ्याकडचे मऊ प्रवाळ एका मित्राच्या टाकीत वाढलेल्या तुकड्यांचे आहेत. पाषाणी प्रवाळ बघायचे तर मी मालवणला जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती, १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात ते आहेत, आणि ते ज्या पाण्यात जगतात ते बघून हौशी माणसाचा अहंकार उतरतो: पावसाळ्यात गढूळ, गोडसर, गाळानं भरलेलं. आमच्या चाचणीच्या नळीत ते पाणी नापास होईल. पण त्या पाण्याला दिवसातून दोनदा भरती येते.

आता मी महिन्यातून एकदा वीस लिटर बदलतो. नायट्रेटसाठी नाही. मऊ प्रवाळ एकमेकांना दूर ठेवायला पाण्यात रसायनं सोडतात, ती काही कोळशाच्या पिशवीत अडकतात, काही उरतात. आणि ज्या क्षारांची चाचणी माझ्याकडे नाही त्यांची थोडी भर पडते. निवळी रोज, शेवाळ पंधरवड्याला. पुराच्या धड्यातून बॅटरीवर चालणारे हवेचे दोन पंप घेतले, आणि टँकरची वेळ आली तर गाळणयंत्राची टाकी आधी गल्लीला उघडायची असं घरात ठरलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा ती उघडली. तेच शेजारी कळशी घेऊन आले, पाणी भरलं, जाताना टाकीपाशी थांबले आणि म्हणाले, "ह्यातला निळा अजून तोच हाय काय?" तोच होता.