अडगळींतील जुनी मोटार : उंदरांची घाण निर्धोकपणें काढण्याची रीत

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या वाड्यांत, खळ्यालगतच्या पडवींत किंवा बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या छपराखालीं वडिलांच्या वेळची एखादी मोटार उभी असते. मुंबईस कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यांत तयार झालेली फियाट ११००, नाहीं तर एखादी ॲम्बॅसडर. टायर बसलेले, कांचांवर धुळीचा थर, आणि आंत काय आहे हें पंधरा-वीस वर्षांत कोणीं पाहिलेलें नसतें. मग दसरा जवळ आला म्हणजे खंडेनवमीच्या पूजेंत अवजारांबरोबर ही गाडीहि असावी आणि ती पुन्हां चालती करावी, अशी घरांतील तरुण मंडळीस हौस उत्पन्न होते. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांची 'विंटेज' म्हणून नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं केले असल्यामुळें या हौसेस आतां कायद्याचाहि आधार आहे.

हौस चांगली आहे. परंतु तिचा आरंभ बहुधा चुकीचा होतो. दार उघडतांच प्रथम केरसुणी चालविली जाते, आणि केर निघाला न निघाला तोंच बॅटरी जोडून एंजिन फिरविण्याचा प्रयत्न होतो. या दोन्ही गोष्टी घातक आहेत. पहिलीनें माणसाच्या जिवास आणि दुसरीनें गाडीस धोका पोंचतो. तो कसा, व तो टाळून सफाई कशी करावी, हें येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

उभी गाडी म्हणजे उंदरांस आयतें घरच होय. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोंकांतून आंत शिरतो, आणि पेडलांच्या, तारांच्या व हवेच्या वाटेच्या मिळून तशीं भोंकें जुन्या गाडींत पुष्कळ असतात. बैठकींतील काथ्या व कापूस, छताचें आस्तर आणि दारांच्या आंतील पुठ्ठा हें सर्व घरट्यास उपयोगी पडतें. शेजारीं धान्याचें कोठार असल्यास अन्नाचीहि ददात नाहीं. आम्हीं स्वतः एका फियाटची मागची बैठक उचलली, तेव्हां तिच्याखालीं भुईमुगाच्या टरफलांची अर्धी टोपली निघाली. त्या शेंगा आमच्याच कोठारांतल्या होत्या!

आतां या घाणींत भय कसलें आहे तें पाहूं. अमेरिकेंत १९९३ सालीं न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटा व कोलोरॅडो हीं चार राज्यें जेथें मिळतात त्या भागांत धडधाकट तरुण माणसें श्वास कोंडून मरूं लागलीं. शोधाअंतीं तेथील रानउंदरांत वास करणारा हंता जातीचा विषाणु सांपडला. उंदरांच्या वाळलेल्या लेंड्या व मूत्र यांची धूळ श्वासावाटे आंत गेल्यानें हा रोग होतो. त्याच न्यू मेक्सिकोंत २०२५ सालीं जीन हॅकमन या प्रसिद्ध नटाच्या पत्नी बेट्सी अराकावा या रोगानें मरण पावल्या. तपासणींत राहतें घर स्वच्छ आढळलें. परंतु आवारांतील गॅरेजें व शेड यांत, आणि गाड्यांतहि, उंदरांच्या खुणा सांपडल्या.

अमेरिकेंतील त्या रानउंदराची जात आपल्याकडे नाहीं, हें खरें. म्हणून आपण निर्धास्त असावें असें मात्र नाहीं. उंदराच्या मूत्रांतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोंकणपट्टींत पावसाळ्यांत नित्याचा आहे, आणि २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत त्याची मोठी साथ आली होती. त्याचे जंतु ओल्या जागीं टिकतात व हातापायांच्या लहानशा जखमेंतून किंवा डोळ्यांवाटे शरीरांत शिरतात. उंदरांच्या अंगावरील बारीक किड्यांपासून स्क्रब टायफस नांवाचा ताप येतो. प्लेगच्या पिसवा मेलेला उंदीर सोडून माणसाकडे वळतात. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीचा प्लेग उद्भवला होता, हें पुष्कळांस आठवत असेल. रोग निरनिराळे असले तरी त्यांस टाळण्याचा मुख्य नियम एकच आहे : कोरडी घाण हलवूं नये, आधीं भिजवावी, मग पुसून उचलावी. केरसुणी, ब्लोअर, कॉम्प्रेसरची हवा आणि घरगुती व्हॅक्युम यंत्र हीं चारहि या कामीं वर्ज्य समजावीं. कारण तीं घाण काढण्याऐवजीं हवेंत उडवितात.

प्रत्यक्ष कामास लागण्यापूर्वीं आठवडाभर गाडीभोवतीं सापळे लावावे. उंदीर आंत असतांना केलेली सफाई व्यर्थ होय. सलग सात दिवस सापळ्यांत कांहीं न सांपडल्यास गाडी रिकामी झाली असें समजावें. बंद गाडींत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, म्हणजे धान्यास लावण्याच्या, गोळ्या कोणींहि कदापि ठेवूं नयेत. त्यांतून निघणारा वायु उंदराप्रमाणेंच माणसासहि मारतो.

गाडी शक्यतों ढकलून उघड्यावर आणावी. तत्पूर्वीं लांब काठीनें चाकांच्या मागें, पायरीखालीं व बॉनेटच्या फटींत चांचपून पाहावें. जेथें उंदीर तेथें सर्प हें शेतकऱ्यास सांगावयास नकोच. नाग वा घोणस एंजिनाच्या कपारींत सहज मावतो, आणि दारांच्या सांध्यांत गांधीलमाश्यांचीं पोळीं असतात. त्यानंतर चारहि दारें, डिकी व बॉनेट उघडून अर्धा तास दूर व्हावें. मुलें व कुत्रीं जवळ येऊं देऊं नयेत.

काम करणारानें रबरी हातमोजे, पायांत गमबूट, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे व डोळ्यांवर बंद चष्मा घालावा. तोंडास उपरणें गुंडाळणें पुरेसें नाहीं. बारीक धूळ त्यांतून सहज जाते. निदान एन-९५ जातीचा मास्क नाकावर घट्ट बसवावा. घाण फार असल्यास औषध फवारणीसाठीं मिळणारा रबरी मास्क घ्यावा. मात्र त्यास बारीक धूळ अडविणारी पी-१०० जातीची गाळणी असावी.

जंतुनाशक घरींच करतां येतें. बाजारी ब्लीचिंग पावडर ताजी, ३३ टक्क्यांच्या सुमाराची असल्यास ती १ लिटर पाण्यास १५ ग्रॅम घ्यावी, ढवळून चुना खालीं बसूं द्यावा व वरची निवळी गाळून वापरावी. हें पाणी ज्या दिवशींचें त्याच दिवशीं संपवावें. तें संडास धुण्याच्या आम्लाशीं किंवा अमोनियाशीं कधींहि मिसळूं नये. विषारी वायु उत्पन्न होतो. मूत्राच्या जुन्या जाड थरांतहि अमोनिया असतो. म्हणून अशा ठिकाणीं, तसेंच ॲल्युमिनियम व क्रोम यांवर, क्लोरीन नसलेलें जंतुनाशक घ्यावें. इस्पितळांत फरशी पुसण्यास वापरतात तें चालतें. स्पिरिट मात्र नको. जुन्या टांकींतील पेट्रोलची वाफ आणि स्पिरिट एकत्र येणें म्हणजे आगीस निमंत्रण होय.

फवारणीपूर्वीं एक गोष्ट अवश्य पाहावी. पूर्वीं कोणीं गाडींत उंदरांचें विष ठेवलें होतें काय? झिंक फॉस्फाइडची करड्या-काळ्या रंगाची पूड अथवा तिचीं आमिषें सांपडल्यास त्यांवर पाणी घालूं नये. ओलाव्यानें त्यांतूनहि तोच मारक वायु सुटतो. ती कोरडीच, अलगद, पुठ्ठ्याच्या तुकड्यानें उचलून डब्यांत बंद करावी. कोरड्या घाणीस न हलविण्याच्या आमच्या नियमास हा एवढाच अपवाद आहे.

आतां सफाई. पिकांवर विष फवारलेला पंप येथें वापरूं नये. स्वच्छ हातपंप घ्यावा. फवारा जोराचा नसावा, दंव पडल्यासारखा मंद असावा. जोराच्या धारेनेंहि धूळ उडते. दारापासून आरंभ करून लेंड्या, घरटीं व मेलेले उंदीर पूर्ण चिंब करावे आणि निदान ५ मिनिटें तसेच राहूं द्यावे. घरटें दाट असल्यास आणखी एकदां भिजवावें. मग कागदानें किंवा फडक्यानें टिपून सर्व घाण दुहेरी प्लास्टिकच्या पिशवींत घालावी व तोंड बांधावें. पिशवी गांवच्या कचरागाडींत द्यावी. ती सोय नसल्यास विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, कुत्रीं उकरणार नाहींत इतकी खोल पुरावी. जाळूं मात्र नये.

बैठका सोडवून बाहेर काढाव्या. आंतील काथ्या व कापूस घाणीनें भरलेला असल्यास वांचविण्याचा लोभ धरूं नये. परंतु आंतील स्प्रिंगा, लोखंडी सांगाडा व वरील कापडाचा एखादा बरा तुकडा जंतुनाशकानें धुऊन नमुना म्हणून ठेवावा. छताचें आस्तर काढतांना डोक्यावर घाण पडते. म्हणून तें आधीं खालून भिजवावें आणि कडेकडेनें सोडवावें. प्रत्येक वस्तु काढण्यापूर्वीं मोबाइलवर छायाचित्र घ्यावें. मूळ स्वरूप राखावयाचें तर मूळ काय होतें हें ठाऊक असलें पाहिजे, आणि सफाईच्या भरांत फेंकलेली पट्टी किंवा मूठ पुढें बाजारांत मिळेलच असें नाहीं.

मूत्रांतील क्षार हवेंतील ओल ओढून घेतात. त्यामुळें चटईखालचा पत्रा वरून धड दिसला तरी खालून कुजलेला असतो. जंतुनाशकाचें काम झाल्यावर सर्व पत्रा साध्या पाण्याच्या फडक्यानें दोन वेळां पुसावा, नाहीं तर क्लोरीनच त्यास खाईल. नंतर दारें उघडीं ठेवून दोन-तीन दिवस उन्हांत कडकडीत वाळवावा.

एंजिनाकडे वळण्यापूर्वीं बॅटरीची जोडणी सोडवावी; प्रथम गाडीच्या अंगास जोडलेली तार काढावी. उंदरांनीं कुरतडलेल्या तारा उघड्या पडून एकमेकींस लागल्या तर क्षणांत आग लागते. कार्ब्युरेटरवरील हवागाळणीचा डबा, पंख्यामागील जागा, धुराच्या नळीलगतची कपार आणि आंत हवा येण्याची वाट येथें घरटीं हटकून असतात. तापलेल्या नळीवर काथ्याचें घरटें म्हणजे चुलींतलें सरपणच. प्रत्येक तार हातानें तपासल्यावांचून आणि जुनें पेट्रोल काढून टाकल्यावांचून एंजिन फिरवूं नये. ब्रेकच्या ढोलांतील भुकटीहि फुंकून उडवूं नये; जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असतें, म्हणून तीहि ओल्या फडक्यानेंच पुसावी. गाडीखालीं शिरावयाचें असल्यास नुसत्या जॅकवर विसंबूं नये. भक्कम लोखंडी टेकू द्यावे.

काम संपल्यावर हातमोजे हातांत असतांनाच जंतुनाशकांत धुवावे, मग काढावे, आणि हात साबणानें स्वच्छ करावे. कपडे निराळे, गरम पाण्यांत धुवावे व लगेच स्नान करावें. पुढील सहा-आठ आठवड्यांत ताप, अंगदुखी, पोटऱ्यांची कळ, डोळ्यांची लाली किंवा दम लागणें यांपैकीं कांहीं दिसल्यास तो साधा पडसें-ताप समजून घरीं बसूं नये. डॉक्टरांकडे जावें आणि उंदरांची घाण काढल्याचें आपण होऊन सांगावें. लेप्टोस्पायरोसिस व स्क्रब टायफस यांवर वेळींच औषध मिळाल्यास रोगी बरा होतो. परंतु हें एक वाक्य न सांगितल्यामुळें निदानास उशीर होऊं शकतो.

आमच्या फियाटच्या या सफाईस आठ दिवस लागले आणि त्या वर्षींचा दसरा हुकला. घरांतील मुलें थोडीं रुसलीं. पण वीस वर्षें उभ्या राहिलेल्या गाडीस आणखी आठ दिवस जड नव्हते, आणि पुढच्या खंडेनवमीस तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढली, तेव्हां ती चढविणारे सर्व हात धडधाकट होते. ज्यांच्या छपराखालीं अशी ठेव पडून आहे, त्यांनीं पावसाळा सरून ऊन पडतांच सापळे लावावे, आणि त्या दिवसापासून केरसुणी मात्र दूर ठेवावी.