वाकेन, पण मोडणार नाही!

'मोडेन, पण वाकणार नाही' असं बाणेदारपणे म्हणणारी माणसं आपल्याला फार आवडतात. पण हेच वाक्य उद्या धनुष्य म्हणायला लागलं, तर तिरंदाजाचं काही खरं नाही! धनुष्याचं ब्रीद बरोबर उलटं असतं. वाकेन, हवं तितक्या वेळा वाकेन, पण मोडणार नाही. आणि ते बनतं कशाचं, तर लाकडाचं! वाळकी फांदी वाकवायला गेलं तर कटकन मोडते. मग त्याच लाकडाचं धनुष्य शेकडो वेळा वाकून पुन्हा सरळ कसं होतं?

हे समजून घ्यायला आपण एका अर्धवट राहिलेल्या धनुष्याकडे जाऊ. ते अर्धवट राहून फार फार वर्षं झाली. किती? साधारण ५३००!

बर्फातला धनुष्यवाला

१९ सप्टेंबर १९९१. इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्सच्या डोंगरात, ३२१० मीटर उंचीवर एक जोडपं भटकत होतं. (आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंची झाली.) तिथे वितळत्या बर्फातून वर आलेला एक मृत माणूस त्यांना दिसला. आधी वाटलं, अलीकडेच कोणी गिर्यारोहक अपघातात गेला असेल. तपासणी झाली आणि सगळे चाट पडले. हा तर ताम्रयुगातला माणूस! ओट्झटालच्या डोंगरात सापडला म्हणून त्याचं नाव पडलं ओट्झी.

बर्फाने ओट्झीला तर जपलं होतंच, त्याचं सामानही जपलं होतं. तांब्याची कुऱ्हाड, गारगोटीच्या पात्याची सुरी, कातड्याचा भाता. भात्यात १४ बाण होते, पण पिसं आणि दगडी टोक लावलेले त्यातले फक्त २. बाकीच्या १२ नुसत्याच काड्या. जनावराच्या पायाच्या चिवट तंतूंची पीळ घातलेली दोरी मात्र तयार होती. आणि शेजारी एक लांबलचक काठी. लांबी १८२ सेंटिमीटर. ओट्झी स्वतः होता साधारण १६० सेंटिमीटर, म्हणजे काठी त्याच्याहून उंच!

ही काठी म्हणजेच त्याचं अपुरं धनुष्य. तिच्या अंगावर कुऱ्हाडीने तासल्याच्या खुणा आहेत. ती घासून गुळगुळीत केलेली नाही आणि दोरी अडकवायला टोकांना खाचाही नाहीत. काम पूर्ण व्हायच्या आधीच ओट्झी गेला. कशाने, ते २००१ मध्ये एक्स-रे काढल्यावर दिसलं. त्याच्या डाव्या खांद्यात दुसऱ्या कोणाच्या तरी बाणाचं दगडी टोक रुतलेलं होतं.

पूर्ण झालेलं धनुष्य आपण कसं घडलो ते सांगत नाही, कारण शेवटच्या घासकामात आधीच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. ओट्झीचं धनुष्य सांगतं. त्यात काही जोडलेलं नाही, चिकटवलेलं नाही. एका जाड दांडक्यातून नको तेवढं लाकूड काढत जायचं, एवढंच. मग अवघड काय आहे? कुठलं काढायचं आणि कुठलं ठेवायचं, हेच तर अवघड आहे!

पाठ आणि पोट

दप्तरातून खोडरबर काढा. त्याच्या बाजूवर पेनने एकमेकींच्या जवळ उभ्या रेघा मारा आणि खोडरबर वाकवा. बाहेरच्या बाजूला रेघा एकमेकींपासून लांब गेल्या ना? आतल्या बाजूला त्या जवळ आल्या. मधोमध मात्र अंतर होतं तेवढंच राहिलं.

लाकूड वाकतं तेव्हाही अगदी हेच होतं. धनुष्य हातात धरलं की जी बाजू निशाणाकडे असते ती त्याची पाठ, आणि जी तिरंदाजाकडे असते ते पोट. दोरी खेचली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं.

लाकूड म्हणजे उभ्या, लांबच लांब तंतूंचा जुडगा. हे तंतू सलग असले तर ताण मजेत सोसतात. पण पाठीवरचे तंतू कुठे चिरले, तर तिथे बारीक ढलपी उचकटते, ढलपीची भेग होते आणि धनुष्याचे दोन तुकडे. म्हणून धनुष्य करणाऱ्याचा पहिला नियम असा, की पाठीला हत्यार लावायचं ते फार जपून. झाडाच्या खोडात दर वर्षी एकेक वलय वाढतं, हे तुम्हाला माहीत आहे. कारागीर साल सोलतो आणि एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहील असं बघतो. तीच झाली पाठ. बाकी सगळं तासकाम पोटाकडून आणि बाजूंनी.

याच कारणाने ओंडका शक्यतो करवतीने चिरत नाहीत, पाचर ठोकून फोडतात. करवत तिला नेऊ तिकडे जाते, वाटेतले तंतू कापत जाते. पाचरीने फोडलेलं लाकूड मात्र तंतूंच्याच वाटेने दुभंगतं. मग ते दांडकं महिनोन्‌महिने सावलीत वाळवायचं. कापलेल्या टोकांमधून पाणी सगळ्यात लवकर उडून जातं आणि तिथे भेगा पडतात, म्हणून टोकांना रंग किंवा मेण फासून ठेवतात. घाई करून ओल्या लाकडाचं धनुष्य केलं, तर ते वाकतं आणि तसंच वाकडं राहतं.

ओट्झीने निवडलेलं झाड होतं यू. त्याचे भाऊबंद आपल्या हिमालयातही आहेत. या झाडात एक मजा आहे. सालीलगतचं फिकट लाकूड ताण छान सोसतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब छान सोसतं. इंग्लंडच्या कारागिरांनी हे बरोबर हेरलं होतं. पाठीला फिकट, पोटाला तांबूस, आणि तेही एकाच दांडक्यात! 'मेरी रोझ' नावाचं इंग्लंडचं लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं. १९८२ मध्ये ते समुद्रातून वर काढलं, आणि त्यातून यूची तब्बल १३७ अख्खी धनुष्यं मिळाली. इंग्लंडला या लाकडाची इतकी चणचण होती, की १४७२ मध्ये त्यांनी कायदाच केला. बाहेरून जहाजाने माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी दर टनामागे धनुष्याची चार दांडकी आणलीच पाहिजेत!

एका मिलिमीटरची करामत

आता फूटपट्टी घ्या. आडवी धरून वाकवा. सहज वाकली. आता तीच पट्टी तिच्या कडेवर उभी धरा आणि वाकवा बघू. नाही ना वाकत? प्लास्टिक तेच, पट्टी तीच. मग फरक कशाने पडला?

जाडीने! वाकण्याच्या दिशेने वस्तू किती जाड आहे, याला भलतंच महत्त्व असतं. रुंदी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो. पण जाडी दुप्पट केली तर तो ८ पट होतो (२ × २ × २). तुमची पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असेल, तर उभी धरल्यावर ती १०० पट ताठर असते.

आता हे धनुष्याला लावून बघा. एका जागी लाकूड १० मिलिमीटर जाड आहे. तुम्ही त्यातलं फक्त १ मिलिमीटर खरवडलं. जाडी एक दशांशाने कमी झाली. ताठरपणा? तो २७ टक्क्यांनी घटला, पाव भागाहून जास्त! म्हणून सुरुवातीला कुऱ्हाड आणि वाकस, मग रंधा, मग कानस, आणि अगदी शेवटी काचेच्या तुकड्याने किंवा पात्याने हलकं हलकं खरवडणं. काम जसं पुढे जातं तसं हत्यार नाजूक होत जातं. जास्त निघालेलं लाकूड परत चिकटवता येत नाही ना!

पण खरवडायचं कुठे? हे धनुष्यालाच विचारायचं. कारागीर दोरी लावून धनुष्य भिंतीवर आडवं टांगतो, दोरी थोडीशीच खाली ओढतो आणि लांब उभा राहून वक्र बघतो. एखादा भाग जवळजवळ सरळच दिसतो, वाकतच नाही. दुसऱ्या ठिकाणी मात्र कोपरासारखं टोक येतं. वर्ग झाडायला दहा जण नेमले आणि दोघांनीच झाडलं, तर त्या दोघांची कंबर मोडते. तसंच हे. वाकायचं काम जो भाग टाळतो, त्याच्या वाट्याचं दुसऱ्याला करावं लागतं, आणि धनुष्य मोडतं ते त्या राबणाऱ्या जागी.

म्हणून कारागीर आळशी भागावर पेन्सिलने खूण करतो आणि फक्त तिथेच खरवडतो. राबणाऱ्या भागाला हात लावत नाही. मग दोरी पुन्हा थोडी ओढायची, पुन्हा बघायचं, पुन्हा खूण. वरची आणि खालची बाजू सारखी वाकायला लागली, की दोरी बोटभर जास्त ओढायची. वाकण्याचा भार सगळ्या लाकडात वाटला गेला की कुठल्याच एका जागेवर फार ताण येत नाही. न मोडण्याचं गुपित ते हेच!

एक गंमत बघा. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्ड नावाच्या दलदलीत १९४४ मध्ये एल्मच्या लाकडाची धनुष्यं सापडली. ती सुमारे ९००० वर्षं जुनी आहेत, म्हणजे ओट्झीच्याही कितीतरी आधीची. मूठ अरुंद, तिच्या दोन्ही अंगांना रुंद चपटे हात, आणि पुढे निमुळती टोकं. टोकं हलकी कशाला? दोरी सोडली की धनुष्याची टोकंच सगळ्यात जास्त अंतर आणि सगळ्यात वेगाने जातात. ती जड असली तर बाणाला मिळायची ऊर्जा त्यांनाच हलवण्यात खर्च होते. भौतिकशास्त्राचं एकही पुस्तक नव्हतं, तेव्हाच्या कारागिरांना हे हाताने कळलं होतं.

ऊर्जा म्हणजे किती, असं विचाराल तर हिशोब सोपा आहे. समजा पूर्ण ओढताना २० किलो वजन उचलण्याएवढा जोर लागतो आणि दोरी अर्धा मीटर मागे येते. जोर शून्यापासून वाढत जातो, म्हणून सरासरी धरू १० किलो. एवढ्यात ५ लिटर पाणी १ मीटर वर उचललं जाईल! हळूहळू साठवलेली ही ऊर्जा धनुष्य क्षणार्धात हलक्याशा बाणाला देऊन टाकतं. आणि बाण लावलेलाच नसेल तर? ती परत धनुष्याच्याच अंगात घुसते आणि चांगलं धनुष्यही तडकू शकतं. म्हणून रिकामी दोरी ओढून सोडायची नाही, हा जगभरच्या तिरंदाजांचा नियम आहे.

सातपुड्याचा तिरकामठा

आपल्या महाराष्ट्रात यू नाही, पण बांबू आहे. नंदुरबारकडच्या सातपुड्यात भिल्लांचा तिरकामठा बांबूचाच. त्याची दोरीसुद्धा बांबूच्या पातळ, चिवट पट्टीची! दोरी ताणल्यावर लांब होता कामा नये, नाहीतर जोर तिच्यातच मुरतो. बांबूची पट्टी तशी लांब होत नाही.

कापलेल्या बांबूचं टोक नीट बघा. त्यावर काळपट ठिपके दिसतील. तेच तंतूंचे जुडगे. बाहेरच्या हिरव्या सालीजवळ ते दाटीवाटीने आहेत आणि आतल्या पोकळीकडे विरळ. म्हणजे सगळ्यात मजबूत भाग बांबूने आधीच बाहेर लावून ठेवला आहे.

भारतात तिरंदाजीच्या स्पर्धांमध्ये 'इंडियन राउंड' नावाचा खास बांबूच्या धनुष्याचा प्रकार असतो. रांचीजवळ राहणाऱ्या दीपिका कुमारीने लहानपणी घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यावरच सराव केला होता. पुढे ती तिरंदाजीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

करून बघा!

खरं धनुष्य हे मोठ्यांचं काम, पण त्याचं विज्ञान तुम्ही घरी बघू शकता. आकाशकंदिलाला वापरतात तशी बांबूची कामटी घ्या, साधारण ६० सेंटिमीटर लांब. जरा जाडसर असू द्या. घरातल्या मोठ्या माणसाकडून दोन्ही टोकांना लहान खाचा पाडून घ्या. सालीची बाजू बाहेर ठेवून कामटी थोडीशीच वाकवा आणि सुतळी बांधा.

जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा, कामटी त्यावर ठेवा आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवून वक्र काढा. कुठला भाग आळशी आहे? कामटीच्या पोटाकडून, फक्त तिथेच, पॉलिश पेपरने घासा. पुन्हा वक्र काढा, या वेळी वेगळ्या रंगाने. बाण लावायचा नाही आणि दोरी ओढून सोडायची नाही. हा खेळ फक्त वाकवण्याचा आहे. कामटी मोडलीच तर चेहऱ्यापासून लांब मोडावी, म्हणून तोंड जवळ नेऊ नका आणि चष्मा किंवा गॉगल लावा.

आता एक कोडं. कामटीवर बांबूची गाठ असते, ती बाकीच्या भागापेक्षा जाड असते. समजा ती मधोमध न येता एका बाजूला आली आणि तिथे वक्र सपाट दिसायला लागला. तर ती गाठ पाठीकडून घासाल, पोटाकडून घासाल, की तशीच ठेवाल? तंतूंचा विचार करा आणि तुमचं उत्तर कारणासकट आम्हाला कळवा.