प्रारंभीचे मुद्रित हिब्रू धर्मग्रंथ : संग्रह, प्रत आणि जतन

प्रस्तावना :
युरोपात इ. स. १५०० अखेरपर्यंत छापल्या गेलेल्या ग्रंथांना ग्रंथालयशास्त्रात 'इनक्युनॅब्युला' अर्थात आद्यमुद्रिते म्हणतात. हिब्रू भाषेतील अशी सुमारे १४० मुद्रिते आज ज्ञात आहेत. या दुर्मिळतेचे कारण केवळ काळाचा ओघ हे नव्हे. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली आणि तेथील हिब्रू मुद्रण संपुष्टात आले. १५५३ मध्ये रोम व व्हेनिस येथे तालमूदच्या प्रती जाहीरपणे जाळण्यात आल्या. या पार्श्वभूमीवर अशा ग्रंथांचा संग्रह हा केवळ छंद राहत नाही. ते स्मृतिरक्षणाचे कार्य ठरते.

प्रतीचे स्वतंत्र मूल्य :
निश्चित तारीख असलेले पहिले हिब्रू मुद्रित म्हणजे तोरावरील राशीचे भाष्य होय. अब्राहम बेन गार्टन याने ते १४७५ मध्ये दक्षिण इटलीतील रेज्जो दी कालाब्रिया येथे छापले. त्याची जवळजवळ पूर्ण अशी एकच प्रत पार्मा येथील पॅलाटिना ग्रंथालयात आहे. ती दे रॉस्सी या ख्रिस्ती धर्मगुरू-अभ्यासकाच्या संग्रहातून तेथे आली.

संग्राहकाच्या दृष्टीने आवृत्तीइतकेच महत्त्व प्रतीला असते. ख्रिस्ती तपासनिसाने शाईने खोडलेल्या ओळी, शेवटच्या पानावरील त्याची स्वाक्षरी, मालकांची नावे व समासातील टिपणे यांतून त्या प्रतीचा प्रवास कळतो. एकाच आवृत्तीच्या दोन प्रती म्हणूनच दोन स्वतंत्र साधने ठरतात. पाने धुऊन 'स्वच्छ' केलेली प्रत देखणी दिसते; परंतु तिची साक्ष पुसली जाते.

संग्रहाची अखंडता :
प्रागचे रब्बी डेव्हिड ओपेनहाइम (१६६४-१७३६) यांनी हजारो हिब्रू ग्रंथ जमवले. प्रागमधील ग्रंथतपासणीच्या भीतीने त्यांना हा संग्रह दूर हॅनोव्हर येथे सासऱ्यांकडे ठेवावा लागला. स्वतःच्या ग्रंथांपासून दूर राहण्याची किंमत देऊन त्यांनी ते वाचवले. १८२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने हा संग्रह ९,००० थालरला एकत्रितपणे विकत घेतला. तो विखुरला नाही, म्हणूनच मोरिट्झ स्टाइनश्नायडर यांच्या बोडलियनमधील हिब्रू मुद्रितांच्या सूचीला (१८५२-१८६०) भक्कम आधार मिळाला.

विसाव्या शतकात लंडनच्या जॅक लन्झर यांनी उभारलेल्या 'व्हालमाडोना ट्रस्ट' संग्रहात सुमारे १३,००० ग्रंथ होते. व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्ग याने छापलेल्या पहिल्या संपूर्ण तालमूदची (१५१९-१५२३) वेस्टमिन्स्टर ॲबीतील उत्तम प्रतही त्यात होती. २००९ मध्ये हा संग्रह अखंड विक्रीसाठी प्रदर्शित झाला. तथापि तालमूदची ती प्रत डिसेंबर २०१५ मध्ये लिलावात स्वतंत्रपणे सुमारे ९३ लाख डॉलरला विकली गेली. उर्वरित संग्रहाचा बहुतांश भाग २०१७ मध्ये इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आला.

निष्कर्ष :
लिलावात ग्रंथाची किंमत ठरते. त्याचा अर्थ मात्र शेजारच्या ग्रंथांमुळे स्पष्ट होतो. आगीतून वाचलेला ग्रंथ विक्रीतून विखुरला, तरी तो नष्ट होत नाही; परंतु त्याच्या इतिहासाचे धागे तुटतात. म्हणून मूळ संग्रहाची नोंद, प्रतीवरील खुणांचे वर्णन आणि अभ्यासकांना खुला प्रवेश या तीन गोष्टी संग्रहाइतक्याच अगत्याच्या आहेत.