खापरपणजोबांचा पत्ता

इस्लापूरजवळ सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी उभे राहिले की पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. दीडशे वर्षांपूर्वी याच पाण्याने दोन राज्यकारभार वेगळे केले होते. पलीकडचे वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात, अलीकडचे इस्लापूर निजामाच्या राज्यात. पलीकडच्या दप्तरात इसवी सन, अलीकडच्या दप्तरात फसली साल. ज्याचे घर इस्लापूरला आणि आजोळ पलीकडे उमरखेडच्या बाजूला, त्याचे पूर्वज दोन वेगळ्या कालगणनांत जगले!

म्हणून इथल्या माणसाला खापरपणजोबा शोधायचे असतील, तर आधी गावाचा जुना पत्ता शोधावा लागतो. इस्लापूर आज नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात आहे. पण 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात ते आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातले एक सर्कल म्हणून नावानिशी नोंदलेले आहे. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. गाव तसूभर हलले नाही, पण राज्य दोनदा बदलले. बोथ आज तेलंगणात आहे. त्यामुळे नांदेडला कागद सापडला नाही, तर आदिलाबादची आणि हैदराबादची वाट धरावी लागते.

शोधाची पहिली पायरी मात्र घरातच असते. हातातल्या सातबाऱ्यावरून मागे 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत जाता येते. तिथे आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव भेटते. जोडीला पाहणी पत्रक आणि सेतवार हे जमिनीचे आणखी जुने कागद. सोबत गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, आणि शाळेचे प्रवेश निर्गम रजिस्टर. प्रत्येक कागद बापाचे नाव सांगतो आणि शोध एक पिढी मागे सरकतो.

मग लिपी बदलते. निजामाच्या दरबारी 1880 च्या दशकापर्यंत फारसी चालली, पुढे उर्दू आली. गावच्या कुलकर्ण्याचा हात मोडीत चालायचा. फारसी कारकुनांच्या धावत्या लिपीला म्हणतात शिकस्ता, म्हणजे मोडलेली. आपल्या मोडीचे नावही मोडण्यावरूनच आले असे मानतात. दोन भाषांच्या कारकुनांनी घाईघाईत अक्षरे मोडली, आणि दोघांच्या लिपीला नावही तेच मिळाले!

या मोडलेल्या अक्षरांत आपला माणूस वेश पालटून बसलेला असतो. उर्दूत ळ नाही आणि ण नाही. बाळा तिथे बाला होतो, गणू गनू होतो. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. तारखेचे गणित आणखी वेगळे. दख्खनी फसली सालात 590 मिळवले की इसवी सन हाती येतो, जानेवारी लागल्यावर 591. कागदावर 1300 दिसले, तर ते साल 1890-91.

एकोणिसाव्या शतकातला पूर्वज शोधणाऱ्या अमेरिकन माणसाला मोठा आधार असतो जनगणनेचा. तिथे 1850 पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले गेले. गुलामांचे मात्र बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि वर्ण, तेही मालकाच्या नावाखाली. त्यांची नावे सरसकट कागदावर आली 1870 मध्ये. आपल्याकडेही दप्तराचा स्वभाव असाच होता. ज्याच्या नावावर जमीन, त्याचे नाव कागदावर. बायका आणि भूमिहीन त्यातून निसटले.

पण जे दप्तराने सोडले, ते माणसांनी सांभाळले. किनवट-आदिलाबादच्या गोंडांमध्ये परधान गायक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या यजमान कुळांच्या कथा किकरीच्या सुरावर गातात. चार, पाच, सहा, सात देव मानणारी कुळे कोणती, कोणत्या कुळाचे मूळ काय, हे सारे त्यांच्या कंठात असते. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून हा ठेवा नोंदवला. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांतही यात्रेला आलेल्या घराण्यांची नावे पिढीवार लिहिलेली आहेत. हरिद्वारच्या अशाच वह्यांची सूक्ष्मचित्रे तर थेट अमेरिकेतल्या युटा राज्यातील वंशावळी संस्थेने करून घेतली.

मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हा महसुलाच्या दप्तरांबरोबर तुरुंगांची, पोलिसांची आणि उत्पादन शुल्काची जुनी रजिस्टरेही उघडली गेली. माणूस कुठे कुठे आपले नाव ठेवून जातो, ते अनेक घरांना त्या वेळी कळले.

कागद उद्याही सापडेल. घरातली म्हातारी माणसे मात्र थांबणार नाहीत. आज संध्याकाळी आजीजवळ बसा. तिच्या आईचे नाव, आजीचे नाव आणि दोघींची माहेरे विचारून वहीत लिहून ठेवा. ही नावे कोणत्याही सातबाऱ्यावर मिळायची नाहीत.